न निवडलेले सवंगडी

मराठी भाषेने खेळातील सोबत्याला मोठी जिव्हाळ्याची नावे दिली आहेत: सवंगडी, खेळगडी, भिडू. मित्र आपण जोडतो, भिडू मात्र वाट्याला येतो. अंगणातल्या खेळात दोन म्होरके पुढे होत आणि आळीपाळीने एकेक गडी आपल्या बाजूला घेत. म्होरके सोडले तर तेथे कोणीच कोणाला निवडलेले नसे. शेजारचा कुरबुर करणारा मुलगा, धावताना हमखास पडणारा चुलतभाऊ, सगळे एका बाजूला येत आणि घटकाभर एक होत. आश्चर्य असे की, उतारवयात माणूस जुन्या दिवसांकडे वळतो तेव्हा आपण पारखून जोडलेल्या कित्येक मित्रांची नावे त्याला आठवत नाहीत; पण हे वाट्याला आलेले सवंगडी त्यांच्या लकबींसह डोळ्यांपुढे उभे राहतात.

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. ज्याला आपण निवडले नाही, त्याच्यावरील प्रेमाला मैत्री म्हणावे काय? ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि एकमेकांचे सद्गुण ओळखून जडलेली. पहिल्या दोन मैत्री कारण संपताच विरतात. तिसरी टिकते, असे त्याचे मत. संघातील सोबती या मांडणीत कोठे बसतो? तो उपयोगाचा होता, पण सामने संपून चाळीस वर्षे लोटली. त्याच्यासोबत आनंद होता, पण गुडघे आता धावू देत नाहीत. आणि तो सद्गुणांचा पुतळा होता असेही नाही. तरीही माया शिल्लक आहे. ती कशावर उभी आहे, याचा शोध घ्यावयाचा आहे.

या शोधासाठी आयर्लंडमधील गेलिक खेळांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आयरिश धर्मभगिनी व ब्रदर्स यांनी भारतात चालविलेल्या शाळांमुळे तो देश आपल्याला अगदी परका नाही. त्यांच्या खेळांची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही. हर्लिंग हा त्यांतला प्राचीन खेळ. ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला रुंद होत गेलेली काठी आणि कातडी शिवणीचा लहान चेंडू घेऊन पंधरा-पंधरा खेळाडू तो विलक्षण वेगाने खेळतात. दुसरा गेलिक फुटबॉल, ज्यात चेंडू हातांनीही झेलता येतो. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून दोन खांबांमधून गेला तर सहसा एक गुण, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. स्त्रिया खेळतात त्या हर्लिंगला कमोगी म्हणतात.

या खेळांची संघटना 1 नोव्हेंबर 1884 रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, टिपरेरी काउंटीतील थर्ल्स गावी एका हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक यांनी लगेच तिचा आश्रयदाता होण्याचे मान्य केले. डब्लिनमधील ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणारे क्रोक पार्क हे मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या वाचकांपैकी काहींनी त्याचे चित्र निराळ्या प्रसंगाने पाहिले असेल: 2012 साली आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेचा समारोपाचा मिस्सा तेथेच झाला, आणि 2018 सालच्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस जगभरच्या कुटुंबांना तेथेच भेटले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या संघटनेच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, तिचा पाया धर्मग्राम आहे. ग्रामीण आयर्लंडमध्ये मूल ज्या धर्मग्रामात वाढते, बहुधा त्याच धर्मग्रामाच्या संघात ते खेळते. अनेक ठिकाणी तसा नियमच आहे. गावातले जे कोणी असतील त्यांच्यातून संघ उभा करावयाचा. गवळ्याचा मुलगा, शाळामास्तर आणि ज्या घराशी बांधाचे भांडण चालू आहे त्या घरातला थोरला, हे एकाच रंगाचा अंगरखा घालतात. दुसरी गोष्ट म्हणजे, हे खेळ हौशी आहेत. काउंटीच्या संघातून ऐंशी हजार प्रेक्षकांपुढे अंतिम सामना खेळलेला माणूस पुन्हा आपल्या वर्गावर, शेतावर किंवा कचेरीत रुजू होतो. त्याला खेळाचा पगार नाही. अलीकडे काउंटीच्या खेळाडूंना शासनाकडून थोडे अनुदान मिळते, पण ते वेतन नव्हे. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही, आणि राहते गाव बदलल्याखेरीज संघ बदलणेही सोपे नाही.

'ॲमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी 'प्रेम करणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. आपल्या 'हौशी' शब्दाला कधी कधी कच्चेपणाचा वास येतो. पण हौस म्हणजे मनाची ओढ, मोबदला न मागणारी ओढ, हा त्याचा मूळ गाभा विसरता कामा नये. जेथे मोबदला नाही तेथे हिशेबाची वहीच उघडली जात नाही. आणि हिशेबाची वही नसली की माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

ही बदललेली दृष्टी समजून घेण्यासाठी दोन माणसांची आठवण पुरेशी आहे. ख्रिस्टी रिंग हे कॉर्क काउंटीचे हर्लिंगपटू सर्वकाळच्या श्रेष्ठांत गणले जातात. अखिल आयर्लंड विजेतेपदाची आठ पदके त्यांनी 1941 ते 1954 या काळात मिळविली. उपजीविकेसाठी ते तेलाच्या कंपनीची मालमोटार चालवीत. त्यांचे सवंगडी जॅक लिंच पेशाने बॅरिस्टर. 1941 ते 1944 ही सलग चार वर्षे आणि पुन्हा 1946 साली दोघांनी काउंटीसाठी एकत्र विजय मिळविला. कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्स या स्थानिक संघातही ते बरोबर खेळले. लिंच पुढे दोनदा देशाचे पंतप्रधान झाले. 2 मार्च 1979 रोजी रिंग यांचे आकस्मिक निधन झाले. कॉर्कचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. क्लॉईन या त्यांच्या जन्मगावी कबरीपाशी उभे राहून जे श्रद्धांजलीचे शब्द बोलले ते त्या वेळी पंतप्रधानपदावर असलेले जॅक लिंच होते. एक देश चालवीत होता, दुसरा मालमोटार. पण खेळाच्या मैदानावर दोघांच्या हाती एकाच झाडाच्या लाकडाची काठी होती, आणि मृत्यूपुढेही हेच नाते बोलले.

त्या दिवसाची आणखी एक आठवण कॉर्कमध्ये अजून सांगतात. शवपेटी खांद्यावर घेतलेल्या जुन्या सोबत्यांपैकी एकाच्या तोंडून असा उद्गार निघाला की, इतकी वर्षे हा आम्हाला वाहून नेत होता, आज अखेर आम्ही याला वाहिले. या उद्गारात विनोद आहे, कृतज्ञता आहे आणि एक कबुलीही आहे. आपण दुसऱ्याच्या खांद्यावर चाललो, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच अशी कबुली देता येते. संत पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो. आपण ते वाक्य दुःखाच्या, आजाराच्या प्रसंगी आठवतो. पण मैदानावर ते रोज पाळले जाते. कोणी तरी आपल्या चुकीमागे धावून ती झाकतो, आणि त्या धावण्याची नोंद कोणत्याही धावफलकावर होत नाही. जुन्या खेळाडूंच्या गप्पांत आवडत्या सोबत्याचे वर्णन ऐकावे. गोल करणाऱ्याचे कौतुक असतेच. पण आवाज हळवा होतो तो पावसाळी संध्याकाळी सरावाला न चुकता येणाऱ्यासाठी, गाडी नसलेल्या पोराला घरून घेऊन येणाऱ्यासाठी, स्वतः बाकावर बसून राहिलेल्या पण कधी तोंड वाकडे न केलेल्या माणसासाठी. गुणफलक विसरला जातो, ही माणसे विसरली जात नाहीत.

येथून दुसरी पायरी. ज्याला निवडले नाही आणि ज्याला बदलताही येत नाही, त्याच्याशी वागताना क्षमा शिकावीच लागते. पैशाच्या खेळात एखाद्याने मोक्याच्या क्षणी घात केला तर पुढच्या मोसमात त्याला विकून दुसरा विकत घेता येतो. धर्मग्रामाच्या संघाला ही सोय नाही. ज्याने काल चेंडू सोडला तो आज मिस्साला पुढच्या बाकावर बसणार, उद्या दुकानात भेटणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी खेळणार. काउंटीच्या पातळीवरचेही एक उदाहरण आहे. 1982 साली केरी काउंटीचा फुटबॉल संघ सलग पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभा होता. असा पराक्रम तोवर कोणी केला नव्हता. अंतिम सामन्यात केरीच्या मायकी शीहीने मारलेला दंडाचा फटका ऑफलीच्या गोलरक्षकाने अडविला. शेवटच्या काही मिनिटांत ऑफलीचा राखीव खेळाडू शेमस डार्बी याने गोल केला आणि केरी एका गुणाने हरली. इतिहास हातातून निसटला. पण त्याच संघातील बरेचसे खेळाडू, शीहीसह, पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी 1984, 1985 व 1986 अशी तीन वर्षे विजेतेपद मिळविले. पराभवानंतर एकमेकांकडे बोट दाखवीत बसलेला संघ असा परत येत नाही.

विवाहित वाचकांना यात काही नवे वाटणार नाही. जोडीदाराची निवड आपण करतो खरी. पण त्याचे आईवडील, भावंडे आणि पुढे जन्माला येणारी मुले यांची निवड आपण कोठे करतो? कुटुंबाचे बहुतेक प्रेम हे न निवडलेल्यांवरचेच असते, आणि म्हणूनच क्षमेवाचून ते एक दिवसही चालत नाही.

आयरिश भाषेत 'मेहल' असा एक शब्द आहे. सुगीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी एकत्र जमून आज याचे तर उद्या त्याचे शेत उरकावयाचे, या रीतीला मेहल म्हणतात. आपल्याकडे भाताच्या लावणीला 'सावड' असते, देशावर 'इर्जिक' असते. अगदी तीच गोष्ट. मजुरी नाही, करार नाही, हाताला हात. गेलिक खेळांचा संघ हा मेहलचाच मैदानावरील अवतार आहे. म्हणूनच एखाद्या खेळाडूच्या घरी मृत्यू झाला की त्याचे सोबती अंगरखे घालून दुतर्फा उभे राहतात आणि शवपेटी त्यांच्यामधून चर्चकडे जाते. ज्यांनी चेंडू एकमेकांकडे दिला, तेच आता एकमेकांचे दुःख वाटून घेतात.

येथवर आपण या नात्याची गोड बाजू पाहिली. पण नीतीचा विचार गोडीपाशी थांबून चालत नाही. 'आपल्या माणसांवर' प्रेम करणे यात विशेष काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच केला आहे. आपला संघ, आपला धर्मग्राम, आपली काउंटी, या प्रेमाची भिंत होण्यास वेळ लागत नाही. गेलिक संघटनेचाच इतिहास याचा साक्षी आहे. सॉकर, रग्बी, क्रिकेट अशा 'परकीय' खेळांत भाग घेणाऱ्या किंवा ते पाहणाऱ्या सभासदास वगळण्याचा नियम तिने अनेक दशके पाळला. डग्लस हाइड हे आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेले विद्वान, आणि प्रॉटेस्टंट असूनही कॅथलिक बहुसंख्येच्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. 1938 साली राष्ट्राध्यक्ष या नात्याने ते एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्यास उपस्थित राहिले, एवढ्या कारणावरून संघटनेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले. ज्यांनी आयरिशपण जपले त्यांनाच आयरिशपणाच्या नावाखाली बाहेर काढण्यात आले. तो नियम 1971 साली रद्द झाला. विशेष हे की, फुटबॉलच्या विजेत्यास दिला जाणारा मानाचा चषक ज्या सॅम मॅग्वायर यांच्या नावाचा आहे, तेही प्रॉटेस्टंटच होते. स्त्रियांच्या वाट्यालाही या प्रेमाची भिंत आलीच: कमोगीची संघटना 1904 साली आणि स्त्रियांच्या फुटबॉलची 1974 साली स्वतंत्रपणे उभी राहावी लागली, त्यांना पुरुषांच्या संघटनेशी एकत्र आणण्याचे काम आमच्या काळात हाती घेतले गेले आहे. गोड आठवणी सांगताना कोण बाहेर राहिले होते याचीही आठवण ठेवणे, हे सत्याचे देणे आहे.

मग सवंगड्यावरील प्रेम हे संकुचित प्रेमच म्हणावे काय? याचे उत्तर मला क्रोक पार्कच्याच गवतावर मिळते. 21 नोव्हेंबर 1920, रविवार. स्वातंत्र्ययुद्धाचा काळ. त्या सकाळी डब्लिनमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी ब्रिटिश हेरखात्यातील माणसांना ठार केले होते. दुपारी टिपरेरी व डब्लिन यांच्यात फुटबॉलचा सामना चालू असताना सरकारी सशस्त्र दले मैदानात घुसली आणि त्यांनी गोळीबार केला. चौदा माणसे प्राणास मुकली. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानाची एक मोठी प्रेक्षागृह-इमारत आज त्याच्या नावाने उभी आहे. होगन गवतावर पडला तेव्हा टॉमस रायन नावाचा एक तरुण प्रेक्षक गोळ्यांची पर्वा न करता त्याच्याजवळ गेला आणि गुडघे टेकून त्याच्या कानात पश्चात्तापाची प्रार्थना म्हणू लागला. तेथेच त्यालाही गोळी लागली आणि त्याचाही अंत झाला. रायन हा वेक्सफर्डचा. टिपरेरीच्या संघाशी त्याचे काही नाते नव्हते. दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगून येशूने शेजारी कोण या प्रश्नाचे जे उत्तर दिले, तेच उत्तर या माणसाने त्या दुपारी दिले.

संघाचे प्रेम म्हणजे शाळा आहे, घर नव्हे. वाट्याला आलेल्या चौदा माणसांना आपले म्हणावयाला तेथे आपण शिकतो, ते पंधराव्या, शंभराव्या, अनोळखी माणसाला आपले म्हणता यावे यासाठी. शाळेतच राहून गेलेला विद्यार्थी नापास म्हणावा लागतो. टिरोन काउंटीचा कॉर्मक मॅकॅनलन हा उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक. 2003 साली टिरोनने शेजारच्या आर्मा काउंटीला अंतिम सामन्यात हरवून इतिहासातील पहिले विजेतेपद मिळविले, त्या संघातला तो खंदा बचावपटू. पुढच्या मोसमासाठी त्याला कर्णधार नेमण्यात आले. पेशाने तो शिक्षक, आणि शिकवीत असे आर्मा शहरातील शाळेत. प्रतिस्पर्धी काउंटीची मुले हेच त्याचे विद्यार्थी. 2 मार्च 2004 रोजी, ख्रिस्टी रिंग यांच्या निधनाला बरोबर पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी हृदयाच्या न कळलेल्या दोषाने तो झोपेतच गेला. एग्लिश या त्याच्या लहानशा गावी हजारो माणसे लोटली. त्याच्या नावाने निघालेला न्यास आज तरुणांच्या हृदयतपासणीसाठी काम करतो, आणि त्या तपासणीत कोण कोणत्या काउंटीचा हे कोणी विचारीत नाही.

आयर्लंडमधील कित्येक खेड्यांत आज पंधरा तरुण जमविणे कठीण झाले आहे. मुले शिक्षणासाठी शहरात जातात, परदेशी जातात; पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध खेळलेले दोन धर्मग्राम आता एकत्र येऊन एक संघ उभा करतात. कालचा प्रतिस्पर्धी आजचा भिडू होतो. जुन्या मंडळींना ते जड जाते. पण कदाचित हा या शाळेचा पुढचा वर्ग असेल.

प्रभूच्या बारा शिष्यांकडे या दृष्टीने पाहावे. प्रभूने त्यांना निवडले. त्यांनी एकमेकांना निवडले नव्हते. रोमसाठी जकात गोळा करणारा मत्तय आणि रोमचे जोखड असह्य वाटणाऱ्या जिलोतांपैकी म्हणविला जाणारा शिमोन एकाच पंगतीला बसले. स्वतःच्या पसंतीने त्या दोघांनी एकमेकांच्या सावलीलाही उभे राहणे टाळले असते. मधे निवडणारा तिसरा होता, म्हणून ते भाऊ झाले. सवंगड्यावरील माया कशावर उभी आहे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. ॲरिस्टॉटलच्या तीन कारणांपलीकडे एक चौथे कारण आहे: तो आपल्याला दिला गेला. देणगीची पारख करावयाची नसते, ती स्वीकारावयाची असते. आणि स्वीकारता स्वीकारता तिचे मोल कळत जाते.

येत्या रविवारी मिस्साच्या वेळी शांतिचिन्ह देताना आपल्या बाकावर कोण आहे ते पाहावे. त्यांतील बहुतेकांना आपण निवडलेले नाही. कोणाशी आपले पटत नाही, कोणाचे नावही ठाऊक नसेल. तरी एके दिवशी आपली शवपेटी उचलणारे खांदे त्यांच्यापैकीच कोणाचे तरी असणार आहेत. त्यांनी आपल्याला वाहावे, त्याआधी आपण त्यांना थोडे तरी वाहिलेले असावे.